जास्तीचा पदर

१

गोरेगावच्या जीपस्टँडसमोर जनकाबाईचं दुकान होतं, मागं लागूनच घर. पाटीवर 'फोटो व झेरॉक्स' लिहिलेलं, पण फोटो काढायला सेनगावचा वसराम यायचा. जनकाबाई काढलेल्या फोटोंना नटवायची. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला लग्नाचे अल्बम डिजिटल झाले. पानावर फोटो चिकटवायचे दिवस गेले. आता पान आणि फोटो एकदमच छापून यायचे, आणि फोटोमागं कागद, कडेला वेल, कोपऱ्यात फूल असं सामान लागायचं. ते सामान शहरात सीडीवर विकत मिळे. त्यात गुलाब, बदाम आणि पाण्यातले राजहंस. वसरामनं पहिल्यांदा दाखवलं तेव्हा जनकाबाई म्हणाली, "आपल्या पोरीच्या लग्नात हे बगळे कुणी बोलावले रे?"

मग तिनं आपलं सामान आपणच करायला घेतलं.

चौथी शिकलेली बाई कॉम्प्युटरवर बसते म्हणून स्टँडावरच्या जीपवाल्यांना हसू फुटायचं. ती दारात येऊन म्हणायची, "हसा. चुलीम्होरं बसते तवा काहून न्हाई हसत?" एका मासिकासोबत सीडी फुकट आली होती, त्यात फोटोचं सॉफ्टवेअर होतं. सगळं इंग्रजीत. तिनं अक्षरं सोडून दिली आणि चित्रं धरली. बादली रंग ओतते. कात्री कापते. खोडरबर खोडतं. शिक्का एका जागेचं उचलून दुसऱ्या जागी उठवतो. स्कॅनरच्या काचेवर ती जरीचा काठ ठेवायची, फुटक्या बांगड्या, चिंचेचा पाला, ज्वारीचं कणीस, उमललेलं कापसाचं बोंड. वरून काळं फडकं. मग दुपारी बाराला लाईट आली की चारला जाईपर्यंत बसून एकेका वस्तूमागचं सगळं खोडून काढायची. खोडलं की मागं करड्या-पांढऱ्या चौकड्या दिसत. चौकड्या म्हणजे तिथं काही नाही.

चित्रात एकावर एक थर असतात. जनकाबाई त्यांना पदर म्हणायची, चपातीला सुटतात तसे. प्रत्येक पदराच्या नावापुढं एक बारका डोळा. डोळ्यावर टिचकी मारली की तो मिटतो आणि तो पदर दिसेनासा होतो. असतो तिथंच. दिसत नाही एवढंच.

घरात माणसं चार. जनकाबाई, तिचा नवरा जळबा, जो सेनगावची जीप चालवायचा, मुलगी राणी, आणि आकांक्षा. आकांक्षा जनकाबाईच्या धाकट्या बहिणीची पोर. बहीण दवाखान्यात अखेरच्या दिवसांत म्हणाली होती, "अक्का, पोरगी तुझ्या पदरात घालते." तेव्हा पोरगी सात वर्षांची. आता पंधराची, नववीत. दहाव्या वर्षी तिच्या हातांवर कोड उमटलं, मग मानेवर, मग डाव्या डोळ्याखाली.

एकदा सामानाला काहीच नवं सुचत नव्हतं तेव्हा जनकाबाईनं आकांक्षाला बोलावलं आणि तिचा हात काचेवर ठेवायला लावला. पडद्यावर तो मोठा करून पाहिला तर नजर ठरेना. गव्हाळ रंगात दुधाची बेटं, कडा अशा की कुठल्या कुंचल्याला जमणार नाहीत. तिनं तो रंग थोडा फिका केला, पसरवला, कागद केला. वसरामनं पाहताक्षणी उचलला. वर्षभरात सेनगाव, कनेरगाव नाका, वाशीमपर्यंतच्या नवऱ्या त्या दुधी कागदावर उभ्या राहिल्या.

"मावशे, म्हंजी माझा हात नवरीच्या मागं?" आकांक्षा हरखून म्हणाली.

"व्हय. पण कुणापाशी बोलशील तर टकुरं फोडीन."

पोरगी हसली. मग का बोलायचं नाही ते तिच्या ध्यानात आलं आणि ती हसायची थांबली. जनकाबाईनं ते पाहिलं. पाहून ती पुन्हा पडद्याकडं वळली.

२

राणीला पुसेगावचं स्थळ आलं. मुलगा रत्नपाल, पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा, हाताला काम असलेला, निर्व्यसनी. बाप भीमराज, आई मिराबाई. असं स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही हे जनकाबाईनं पहिल्या दिवशीच ठरवलं. त्यांनी निरोप धाडला, आधी घरादाराचा एक फोटो पाठवा, मग येतो.

घरादाराचा फोटो एकच होता. वसरामनं दसऱ्याला काढलेला. घराची निळी भिंत, तिच्यापुढं चौघं. आकांक्षा राणीच्या मागं उभी, राणीच्या खांद्यावर हात टाकून. फोटोत तिचे डाग स्वच्छ दिसत होते, कारण वसरामचा कॅमेरा चांगला होता.

"लोकं म्हणतेत, घरात एकीला हाय म्हंजी रक्तात हाय," जळबा जेवताना म्हणाला. "मी न्हाई म्हणत. लोकं म्हणतेत."

"लोकायचं तोंड तुमीच घेऊन फिरता का?" जनकाबाई कडाडली. पण दुसऱ्या दिवशी बाराला लाईट आली तेव्हा तिनं तो फोटो उघडला.

आकांक्षाला खोडायला वेळ लागला नाही. बोंडामागचं फडकं खोडतात तशी ती गेली, आधी केस, मग मान, मग परकर-पोलकं. तिच्या जागी चौकड्या आल्या. त्या चौकड्यांवर जनकाबाईनं शिक्क्यानं निळी भिंत उठवली. भिंतीत एक तडा होता, विजेसारखा वाकडा. शिक्क्यानं तोही उचलला आणि शेजारी तस्साच दुसरा उठवला. जुळे तडे. वसरामची नजर असती तर चोरी पकडली असती, पण पुसेगावच्या माणसांना काय कळतंय, असं म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं.

"बोट राहिलं, मावशे."

आकांक्षा मागं उभी होती. चहाचा कप हातात. किती वेळची उभी होती कोण जाणे.

"कसलं बोट?"

"राणीताईच्या खांद्यावर. करंगळी राहिली बघा माझी."

जनकाबाईनं पाहिलं. राणीच्या हिरव्या पोलक्यावर एक पांढरट करंगळी होती. जनकाबाईच्या कानशिलाला एकदम ऊन लागल्यासारखं झालं. उठून पोरीला जवळ घ्यावं, शिवी द्यावी, मशीन बंद करावं, यांतलं काहीतरी करायला हवं होतं. तिनं शिक्का घेतला आणि करंगळीवर हिरवं पोलकं उठवलं.

"आता झालं," आकांक्षा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कप टेबलावर ठेवून ती भांडी घासायला मागं गेली.

जनकाबाईच्या आजीला गावच्या विहिरीवर 'बाजूला हो' म्हणायचे. ती गोष्ट जनकाबाई सभेत, लग्नात, बारशात शंभरदा सांगत आली होती, आणि सांगताना दरवेळी तिचा आवाज चढायचा. त्या दुपारी ती गोष्ट तिला आठवली आणि तिनं मनातल्या मनात तिच्याकडं पाठ केली. सगळे पदर एक केले, फोटो जुन्या नावानंच ठेवला, छापून पाकिटात घातला.

३

पाकीट गेल्यावर तिसऱ्या दिवशी जनकाबाईच्या भाकरी चुकल्या.

ती रोज नऊ थापायची. जळबाला तीन, बाकी तिघींना दोन-दोन. आठ वर्षांत हात कधी चुकला नव्हता. त्या दिवशी टोपलीत सात निघाल्या. पिठाची परात रिकामी, तवा उतरवलेला, आणि हाताला वाटत होतं की काम पुरं झालं.

"मला भूक न्हाई, मावशे," आकांक्षा म्हणाली.

"गप. डोक्यात लग्नाचा घोर हाय म्हणून चुकलं." तिनं पुन्हा तवा चढवला.

त्याच आठवड्यात पोरगी शाळेतून येऊन उंबऱ्यावर बसली. "गुरुजीनं हजेरीत माझं नाव न्हाई घेतलं."

"इसरले असतील."

"मी 'हजर' म्हणलं. कुणी वळून बी न्हाई पाह्यलं."

"म्होट्यानं म्हणायचं. तोंड काय उसनं आणलंस का?"

जनकाबाईला चीड आली होती, पण कुणाची ते कळत नव्हतं. ती दुकानात गेली. वसरामला एका अल्बमसाठी त्या निळ्या भिंतीचा तुकडा हवा होता, म्हणून तिनं घरादाराचा फोटो उघडला. पदरांच्या यादीत दोन नावं होती. तिनं सगळे पदर एक केले होते, म्हणजे नाव एकच असायला पाहिजे. खालचा पदर फोटोचा. वरचा रिकामा, नुसत्या चौकड्यांचा. त्याचा डोळा उघडा.

तिनं तो पदर काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुन्हा होता. लाईट मधेच जाते, मशीन अर्धवट झोपेत काहीबाही धरून ठेवत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. समजूत पटण्यासारखी होती. तरीही तिनं त्या दिवशी दुकान तीनलाच बंद केलं.

४

पाहुणे रविवारी येतो म्हणाले. शुक्रवारी जनकाबाईनं फोटो पुन्हा उघडला. काही काम नव्हतं, तो पदर आहे का ते पाहायचं होतं.

होता.

दुकानाच्या मागं मोरी, मोरीत आकांक्षा भांडी घासत होती. राखेचा आणि पितळेचा खरखर आवाज येत होता. जनकाबाईनं सहज त्या रिकाम्या पदराच्या डोळ्यावर टिचकी मारली. डोळा मिटला.

मोरीतला आवाज थांबला.

तिनं पुन्हा टिचकी मारली. डोळा उघडला. खरखर, खरखर. मधून कुठंतरी सुरू व्हावी तशी, हात तांब्यावर असतानाच.

पोरगी दम खात असेल, असं ती मनाशी म्हणाली आणि पुन्हा मिटवला. शांत. स्टँडवर जीपचा हॉर्न वाजला, पंख्याची पाती फिरत होती, म्हणजे कान शाबूत होते. फक्त मोरीतून काही येत नव्हतं. उघडला. खरखर.

"ए, काहून थांबून राहिलीस गं मधीमधी?"

"थांबले न्हाई, मावशे. घासूनच राहिले की."

तिसऱ्यांदा जनकाबाईनं मिटवला आणि मनात दहा मोजले. दहा आकडे काही नाही. उघडला. आवाज.

इथंच उठायला हवं होतं. हे तिला नंतर हजारदा वाटलं. पण चौथ्यांदा तिनं डोळा मिटवला, आणि तो खात्री करायला म्हणून मिटवला नव्हता. रविवारी पोरीला कुठं बसवायचं, कुणाच्या घरी धाडायचं, काय सांगायचं, हा घोर आठ दिवस तिच्या डोक्यात घुमत होता. मोरी गप झाली की तो घोरही गप व्हायचा. त्या शांततेत तिला बरं वाटलं. अगदी बरं वाटलं. डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा तसं. म्हणून तिनं माऊसवरचा हात उचलला आणि जरा वेळ तशीच बसून राहिली.

तेवढ्यात लाईट गेली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

पडदा काळा झाला. त्यात जनकाबाईला आपलं तोंड दिसलं. ती मोरीकडं धावली. भांडी घासून, विसळून, पालथी मांडलेली. पाणी निथळत होतं. मोरीत कुणी नव्हतं.

५

पोरगी घरातून गेली असं म्हणावं तर तसंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडलेलं होतं. रांजण भरलेला होता. अंथरुणाची एक वळकटी जास्त होती, आणि ती कोमट होती. पण माणूस दिसत नव्हतं.

"पोरीला पाह्यलं का हो तुमी?" तिनं जळबाला विचारलं.

"राणी आत हाय की."

"दुसरी."

"दुसरी कोण?" जळबानं जीपचा पान्हा खाली ठेवला. क्षणभर त्याच्या कपाळावर आठी आली, दूरचं काही वाचल्यासारखी. मग ती गेली. "डोकं फिरलं का जनका? लगीन तोंडावर आलंय, जरा झोपत जा."

राणीला विचारलं तर राणी हसली. हसतानाच तिनं उजवा खांदा चोळला. "माय, खांदा लई जड झालाय कालपासून. कुणी रेलून उभं राहावं तसा."

शनिवारी बाराला लाईट आली. जनकाबाईनं फोटो उघडला. पदर एकच होता. जास्तीचा पदरही नव्हता आणि त्याचा डोळाही. तिनं मशीन तीनदा बंद करून चालू केलं. मग दुकानाला कुलूप लावलं आणि सेनगावची जीप धरली.

वसराम आपल्या स्टुडिओत अल्बम लावत बसला होता. "या बाई! आज तुमचे पाय इकडं?"

"दसऱ्याचा आमचा फोटो. तुझ्यापाशी असल तो मूळचा. काढ."

त्यानं काढला. निळी भिंत. जळबा, जनकाबाई, राणी. तिघंच.

"आम्ही किती होतो रे त्या दिवशी?"

"तिघं. काहून? दिसून राहिलं ना समोर?" वसरामनं डोळे बारीक केले. "बाई, तुमची भिंत मात्र गमतीची. दोन तडे, सारखे. जसे छापलेले."

जनकाबाईनं भिंतीकडं पाहिलं नाही. तिची नजर राणीच्या उजव्या खांद्यावर होती. पोलक्याचं कापड तिथं दबलेलं होतं. चार बोटं आणि एक अंगठा ठेवावा तेवढ्याच जागेत.

वसराम आपल्या नादात बोलत होता. त्यानं एक ताजा अल्बम तिच्या पुढ्यात उघडला. कनेरगावची कुणी नवरी, शालू नेसलेली, आणि तिच्यामागं पानभर तो दुधी कागद. गव्हाळ रंगात पांढरी बेटं. फक्त इथं पोरगी होती. एवढंच काय ते तिचं उरलं होतं, आणि तेही लोकांच्या लग्नांत.

"सगळे विचारतेत मला," वसराम म्हणाला, "हा कागद कशाचा बनवला तुमच्या बाईनं. आज तरी सांगा की."

सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच जणू ती जीपमध्ये बसून आली होती. माझ्या बहिणीच्या पोरीचा हात आहे, तिचं नाव अमुक, ती माझ्या घरात राहते. चार शब्द. पण समोर वसराम होता, बाकावर दोन गिऱ्हाइकं होती, त्यांतली एक पुसेगावची असली तर? रविवार उद्यावर आला होता.

"ढगाचा," जनकाबाई म्हणाली. "आभाळाचा फोटो हाय."

"तरीच," वसराम म्हणाला. "तरीच एवढा भारी."

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली. गोरेगाव येईपर्यंत शेतं बघत राहिली. स्टँडवर उतरून घराकडं वळली तेव्हा पोरीला हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तोंडात नाव नव्हतं. जिभेखाली शोधलं. घशात शोधलं. आठ वर्षं दिवसातून वीसदा मारलेली हाक. बहिणीनं ते नाव मोठ्या हौसेनं ठेवलं होतं एवढं आठवलं, बारशाचा पाळणा आठवला, पाळण्याला बांधलेली घुंगरं आठवली.

नाव आठवलं नाही.

६

रविवारी पाहुणे आले. भीमराज, मिराबाई आणि रत्नपाल. जयभीम झाला. सतरंजीवर बसले. मिराबाई जाडजूड, हसऱ्या तोंडाची, बोलायला मोकळी. आल्याआल्या जळबाला म्हणाली, "जीप चालवता म्हणे. मग सुनेला माहेराला फुकटात न्यायची सोय झाली म्हणा की!" सगळे हसले. रत्नपालनं राणीकडं पाहिलं, राणीनं पायाच्या अंगठ्याकडं. स्थळ जमत होतं, ते आंधळ्यालाही कळलं असतं.

"घरात माणसं किती तुमी?" भीमराजनं विचारलं.

"तिघं," जळबा म्हणाला.

"चार," जनकाबाई म्हणाली.

जळबानं चमकून पाहिलं. रात्रभर ती जागी होती आणि पहाटे तिनं ठरवलं होतं. जमलं तर जमलं, मोडलं तर मोडलं. राणीच्या लग्नाची गाठ सुटली तर पुन्हा मारता येईल.

"माझ्या बहिणीची पोर हाय माझ्यापाशी," ती म्हणाली. आवाज तिच्या नेहमीच्या कडाक्यानं निघाला. "तुमाला धाडलेल्या फोटोतून मीच काढली तिला. खोडून. ह्या हातानं. कारण तिला कोड हाय. हातावर हाय, मानंवर हाय, डोळ्याखाली हाय. आता तुमाला काय करायचं ते करा."

जळबा तिच्याकडं असा पाहत राहिला जसं ती परक्या भाषेत बोलली. मग मिराबाईनं मांडीवर हात आपटला.

"एवढंच व्हय? अवो बाई, माझ्या सख्ख्या जावंला हाय. तीन लेकरं झाली, सोन्यासारखा संसार चालू हाय. त्यात लपवण्यासारखं काय हाय? लेकराला काहून खोडलं वो तुमी?" ती खरंच कळवळली होती. "कुठं हाय ती? बोलवा की. आमाला भेटू द्या."

जनकाबाईचे कान पेटले. दोन कानफटात बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मिराबाई हसतमुखानं दाराकडं पाहत होती.

"नाव काय म्हणला तिचं?" मिराबाईनं विचारलं.

जनकाबाईनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"ती..." ती म्हणाली. "ती आपली... ती हो..."

"माय?" राणी हळूच म्हणाली.

तेवढ्यात भीमराजनं समोरचा कप उचलला आणि एक घोट घेतला. "चहा मात्र झकास झालाय. सुनबाईच्या हातचा का?"

सतरंजीवर सहा कप होते. वाफाळते. राणी त्यांच्याकडं पाहत राहिली. ती सकाळपासून आतल्या खोलीत साडी नेसत होती, चुलीकडं गेलीच नव्हती. जनकाबाईही गेली नव्हती. ट्रे कुणी आणला ते कुणाला आठवत नव्हतं, आणि जनकाबाईखेरीज कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. दाराशेजारी घराची भिंत, बाहेरच्यासारखीच निळी. इतक्या वर्षांत त्या भिंतीला तडा गेलेला नव्हता. आज होता. वाकडा, विजेसारखा. त्याच्या शेजारी हातभर अंतरावर तस्साच दुसरा. त्या दोन तड्यांमधली भिंत जराशी जास्त सपाट होती, जास्त नीट होती, घाईनं रंग उठवावा तशी. साधारण पंधरा वर्षांच्या पोरीएवढ्या उंचीची. तिच्याकडं नजर लावली की नजर घसरून बाजूला जायची. जनकाबाईनं दात आवळून नजर तिथंच रोवली. सपाटीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, निळा रंग एकदा वर झाला आणि खाली झाला.

श्वास घेतल्यासारखा.

७

स्थळ पक्कं झालं. त्या पोरीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मिराबाई जाताना जनकाबाईच्या पाठीवरून हात फिरवून गेली. जळबाला दारात म्हणाली, "लई ताण घेतलाय बाईनं. जपा." जीप पाहुण्यांना पुसेगावला सोडायला गेली. राणी साडी बदलायला आत गेली आणि जाताना गुणगुणत होती.

जनकाबाई आतल्या दाराशेजारच्या भिंतीसमोर मांडी घालून बसली. ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं होतं. भिंतीला हात लावायला ती धजावत नव्हती.

"मी बोलले," ती भिंतीला म्हणाली. "सगळ्यांदेखत बोलले. ऐकलंस ना?"

काही नाही. बाहेर कुणाचं तरी रेडकू ओरडलं.

"मला नाव दे तुझं. एकडाव सांग. मग जन्मात न्हाई इसरणार."

पण हे मागणंही कसलं, हे तिला बोलता बोलताच कळलं. पोरीचं सगळं घेतलं, हाताची कातडीसुद्धा, आणि आता नावही तिनंच शोधून द्यावं. जनकाबाई आयुष्यात कुणापुढं वाकली नव्हती. पाटलापुढं, पोलिसापुढं, दारू प्यायलेल्या दिराच्या काठीपुढंही नाही. ती वाकली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. शेणानं सारवलेल्या जमिनीचा थंड वास आला. तशीच, जमिनीकडं तोंड करून, तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. गावातल्या, नात्यातल्या, शाळेच्या वाटेवर पाहिलेल्या पोरींची जेवढी ठाऊक होती तेवढी.

"पुनम? ... शीला? ... संघमित्रा? ... वैशाली?"

एक नाव, मग थांबायचं. मग दुसरं. राणी दारात येऊन उभी राहिली. "माय, कुणाला हाका मारून राहिलीस?" जनकाबाईनं मान वर केली नाही. राणीनं खांदा चोळला आणि ती आत गेली.

"सुजाता? ... करुणा? ... आम्रपाली? ... प्रज्ञा?"

कानाच्या अगदी जवळ कुणीतरी बसलं. कापडाची सळसळ झाली, गुडघा मोडल्याचा बारीक आवाज झाला. ताज्या राखेचा आणि पितळेचा वास आला. मग हलक्या आवाजात, लहान लेकराची समजूत घालावी तसं, तिला ऐकू आलं:

"त्यातलं एकबी न्हाई, मावशे."

आवाजात अजूनही राग नव्हता. जनकाबाईनं कपाळ जमिनीवरून उचललं नाही. तिकडं पाहायची तिची छाती नव्हती. तिनं डोळे घट्ट मिटले आणि पुढचं नाव घेतलं.